नवं इंजिन जुनं करताना

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काम करते. आठवडाभर नोटिंग, ड्राफ्टिंग आणि मीटिंग चालतात. रविवारी मात्र दिल्लीत लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीत बसून मी वीतभर लांबीची डिझेल इंजिनं मळवते. मळवते म्हणजे अक्षरशः मळवते. डब्यातून नवंकोरं, चकचकीत निघालेलं मॉडेल घ्यायचं आणि ते वर्षानुवर्षं ऊन, पाऊस, धूळ आणि स्वतःचाच धूर खात धावलंय असं दिसेपर्यंत त्याच्यावर काम करायचं. ऑफिसात माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही कागदापेक्षा मला या कामाचा अभिमान जास्त आहे, आणि तो मी लपवत नाही.

याची सुरुवात गुडगावला झाली. तिथे हाडांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांच्या घराच्या तळघरात त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून एक आख्खं रेल्वे जंक्शन उभं केलंय. गाव काल्पनिक आहे, पण काळ पक्का, ऐंशीच्या दशकातला. वाफेची इंजिनं शेवटच्या फेऱ्या मारतायत, डिझेलची वाढतायत, प्लॅटफॉर्मवर चहाचे मातीचे कुल्हड फुटलेत, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मी ते बघायला म्हणून गेले आणि तिथेच अडकले. पुढे महिन्यातून दोनदा तरी मेट्रोनं जायला लागले.

मंडळींनी मला झाडं करायला दिली. "मैडम, आपका हाथ नाज़ुक है, पेड़ आप बना दीजिए," डॉक्टर म्हणाले. मी केली. वाळलेल्या मुळ्या, लाकडाचा भुसा, कातरलेला स्पंज वापरून बाभळी केल्या, कडुलिंब केले, स्टेशनमागे एक वाकडा पिंपळ केला. झाडं चांगलीच झाली आणि अजूनही उभी आहेत. पण माझं लक्ष सगळं इंजिनांकडे. सगळं स्टेशन जुनं, वापरातलं, आणि त्यात येणारी इंजिनं मात्र शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखी! एके दिवशी मी बोलूनच टाकलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कुणाचं तरी मूल चिखलात लोळवायला सांगितलंय. "मैडम, इतनी प्यारी चीज़ पर कोई मिट्टी डालता है क्या?"

"डॉक्टरसाहब, असली इंजन कभी साफ़ देखा है आपने?"

"असली अपना नहीं था ना, यार," ते म्हणाले आणि सगळे हसले.

दिल्लीत लोक गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक गाडी विकेपर्यंत काढत नाहीत, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. मी ठरवलं, त्यांचं नको, आपलंच इंजिन घ्यायचं आणि त्यांच्या रुळांवर चालवून दाखवायचं. मॉडेल मागवलं. आणि कुठलं मागवायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. माझे बाबा डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी पुणे ते मिरज या लाइनीवर केली. ते चालवायचे त्याच जातीचं, गडद मरून रंगाचं, मधे क्रीम पट्टा असलेलं इंजिन मी घेतलं. बाबांना जाऊन काही वर्षं झाली आहेत. तेव्हापासून आई माझ्याकडे दिल्लीत असते. ती शाळेत गणित शिकवायची आणि अजूनही समोरच्याचं उत्तर चुकलंय असं धरूनच ऐकायला सुरुवात करते.

आधी बारकावे भरायचं काम होतं. कारखान्यातून येणाऱ्या मॉडेलवर दाराशी धरायचे दांडे प्लास्टिकचे, जाडजूड असतात. ते कापून काढले. हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं भोकं पाडली आणि केसाएवढ्या पितळी तारेचे दांडे बसवले. पुढच्या बाजूला ब्रेकच्या हवेच्या नळ्या हव्या होत्या, त्या जुन्या इअरफोनच्या वायरीतून निघाल्या. काचेवरचे वायपर लावले. केबिनची खिडकी अर्धी सरकवली आणि आत निळ्या कपड्यातला एक ड्रायव्हर बसवला, कोपर खिडकीबाहेर काढलेला. हिवाळ्याचे दिवस होते. आई बाल्कनीत उन्हाला पाठ करून मटार सोलत बसायची आणि चष्म्याच्या वरून माझं काम बघायची.

"छागल कुठाय?" तिनं एकदा विचारलं.

शेजारच्या क्वार्टरमधली एक मराठी मुलगी तेव्हा आमच्याकडे आली होती. कॉलेजात शिकणारी, इथेच वाढलेली. "आजी, छागल म्हणजे?"

"कॅनव्हासची पाण्याची पिशवी. इंजिनाबाहेर टांगायची. वारा लागला की पाणी गार," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाहेरच टांग हो. आत टांगलीस तर काय उपयोग?"

चहाच्या पुडीच्या कागदाची मी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान छागल केली आणि दरवाज्याबाहेर टांगली. आईनं ती बघितली आणि मटार सोलायला लागली. चूक निघाली नाही, म्हणजे पास.

खरी अडचण पुढे आली. मी काजळीचा रंग, तेलाचा रंग, धुळीची पूड असं सगळं मांडून बसले आणि इंजिनाच्या टपावर काळं लावायला घेतलं. आईनं मटारचं ताट बाजूला ठेवलं.

"हे काय करतेयस?"

"मळवतेय. धूर, तेल, सगळं दिसायला हवं ना."

"सगळा संसार मी तेच धुतलं," ती म्हणाली. "ह्यांच्या कॉलरीतलं, बाह्यांवरचं, उशीच्या अभ्र्यावरचं. माझ्या बोटांच्या भेगांत जायचं ते, वर्गात फळ्यावर लिहिताना पोरांना दिसायचं. आणि तू ते बाजारातून विकत आणून लावतेयस?"

ती आत निघून गेली. मला वाईट वाटलं, पण थोडा रागही आला. मी काम चालू ठेवलं आणि ते बिघडवलं. टप काळाकुट्ट झाला, बाजूंवर काळे ओघळ आले. गुडगावला नेलं तर डॉक्टर इंजिन हातात फिरवत म्हणाले, "मैडम, यह चला नहीं है, यह तो जल गया है." त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. ते इंजिन वापरून जुनं झालेलं नव्हतं. कुणीतरी त्याला डांबर फासल्यासारखं दिसत होतं.

घरी येऊन मी स्पिरिटमध्ये बोळे बुडवून सगळं पुसायला लागले. आई येऊन समोर बसली. 

"पुसतेयस का?"

"चुकलं."

"चुकलंच होतं. तू काळ्यानं सुरुवात केलीस."

"मग कशानं करायची?"

तिनं उठून स्वयंपाकघरातून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या. माझ्या रंगांच्या बाटल्यांमधून तिनं आधी तपकिरी उचलला. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब थेंब टाकत राहिली.

"कपडे बादलीत भिजवले ना, की आधी हा उतरायचा. लाइनीवरची माती. वरची वर बसलेली. ती गेली की मग तेलाचं पाणी, चहाच्या तळासारखं. आणि काळं सगळ्यात शेवटी, चोळल्यावर, आणि तेही काळं नव्हे, राखाडी." तिनं दुसऱ्या वाटीत काळ्यात पांढरा आणि किंचित निळा मिसळला. "हं. आता हे उलट कर. जे शेवटी जायचं ते आधी लाव."

 मळवण्याचा सगळा क्रम तिच्याजवळ होता, फक्त उलट्या बाजूनं.

मग त्या हिवाळ्यात आमचे रविवार तसेच गेले. मी आधी टपावर धुराड्याच्या मागे राखाडी काजळी पातळ फवारली, धूर मागे वाहतो तशी निमुळती करत नेली. मग इंजिनाच्या पोटावरच्या दारांच्या फटींतून तेल झिरपवलं. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली सांडलेल्या तेलाचा एक चकचकीत ओघळ ठेवला, कारण बाकी सगळं इंजिन धुरकट आणि कोरडं असलं तरी तेवढी जागा ओलीच दिसते. चाकांच्या भागावर ब्रेकमधून उडणारी लोखंडाची तपकिरी भुकटी. सगळ्यावर शेवटी मऊ ब्रशनं मातीची पूड. प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग आईपुढे धरायचा. कधी ती म्हणायची, "पायरीवर माती जास्त हवी, बूट तिथेच टेकतात." कधी म्हणायची, "दांड्याचा रंग इथे गेलेला दाखव. हात रोज एकाच जागी पडतो." मी वस्तऱ्याच्या टोकानं दांड्याचा रंग तेवढ्या जागी खरवडला आणि खालचं पितळ चमकवलं.

बाबांबद्दल आम्ही एरवी फार बोलत नसू. बोललो तरी त्यांच्या आजारपणाबद्दल, हॉस्पिटलबद्दल. त्या रविवारांत मात्र ते कामावरून घरी यायला लागले. शिंदवण्याचा घाट चढताना इंजिन कसं गुरगुरायचं, लोणंदला कुणीतरी त्यांना गवार आणून द्यायचं, पावसाळ्यात त्यांचे मोजे कधीच वाळायचे नाहीत. त्यातच एकदा, इंजिनाच्या दाराकडे बोट दाखवून आई म्हणाली, "इथे पिवळं लागायचं."

"पिवळं?"

"सोमवतीला. जेजुरीला गाडी थांबली की लोक उतरायचे, चढायचे, गर्दीत कुणी इंजिनावरसुद्धा, इंजिनाला हात लावून नमस्कार करायचे. सगळ्यांचे हात भंडाऱ्यानं भरलेले. ह्यांच्या कपाळाला लावायचे, खांद्यावर उधळायचे. शर्ट घरी आला की मी डोक्याला हात लावायची. डिझेल आणि हळद एकत्र. साबण लावला की लाल व्हायचं, आणि मग उन्हात टाकल्यावर कुठे हळूहळू जायचं."

मला एकदम दिसलं ते. दाराच्या उभ्या दांड्याशी, चढताना हात जातो तिथे, पिवळ्या हातांचे पुसट ठसे. त्यातले ताजे पिवळे. आणि त्याखाली कुठल्यातरी आधीच्या सोमवतीचे, शेडमध्ये साबणाच्या पाण्यानं इंजिन धुतल्यावर लालसर झालेले, अर्धवट उडालेले. हे कुठल्याही फोटोत मला मिळालं नसतं.

या मापात माणसाचा हात ज्वारीच्या दाण्याहून लहान. ठसा म्हणजे ब्रशच्या टोकाचा एक स्पर्श. मी आधी भाजलेल्या विटेच्या रंगानं जुने डाग केले, ते जवळजवळ पुसून टाकले, त्यावर पिवळ्या पुडीचे ताजे ठसे दिले. आई देवघरातून कागदाची एक पुडी घेऊन आली. जेजुरीचाच भंडारा होता.

"यातला घाल चिमूटभर."

"आई, हळदीचा रंग उजेडानं उडतो. टिकणार नाही."

"तुझा खाली टिकेल. हा वर असू दे."

"देवाचा आहे ना तो? चालेल?"

"दसऱ्याला तुझे बाबा आधी इंजिनाची पूजा करून यायचे, मग घरी आपट्याची पानं द्यायचे. विचारतेयस काय?"

मी ब्रश तिच्या हातात दिला. तिचा हात आता थोडा थरथरतो. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, श्वास रोखला आणि दाराच्या दांड्याशी, बरोबर उंचीवर, एक ठसा दिला. तो माझ्या ठशांपेक्षा जरा मोठा आहे. कुणीतरी धिप्पाड माणूस चढला असेल.

डॉक्टरांना इंजिन दाखवलं तेव्हा ते या वेळी हसले नाहीत. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि टपापासून चाकांपर्यंत सावकाश बघत गेले. छागलीवर थांबले. मग दाराशी आले. "यह पीला क्या है? ज़ंग तो ऐसा नहीं होता."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. "अच्छा है, मैडम, बहुत अच्छा है. लेकिन लोग समझेंगे नहीं. सोचेंगे गलती से रंग लग गया." बाकीच्यांचंही तेच मत पडलं. थोड्याच दिवसांत दिल्लीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं जंक्शन लोकांना दाखवायला मांडायचं होतं, आणि पिवळं पुसून आणा असं त्यांनी मला नरमाईनं सुचवलं.

"नहीं पोंछूँगी," मी म्हणाले. एवढं सरळ मी ऑफिसात कधी बोलत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी आईलाही घेऊन गेले. तिला टेबलाच्या मागे खुर्ची दिली. चांगली गर्दी होती. लहान मुलांचे आईबाप, कॅमेरे लटकावलेले तरुण, रेल्वेतून रिटायर झालेले काका लोक. माझं इंजिन मालगाडी घेऊन फेऱ्या मारत होतं आणि ते आलं की लोक वाकायचे. दुसरी इंजिनं आली की तेवढे वाकायचे नाहीत, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही आणि डॉक्टरांच्याही. एका रिटायर्ड काकांनी ते सिग्नलला थांबलेलं असताना नाक जवळ नेऊन वास घेतला, मग स्वतःच लाजून हसले. पिवळ्याबद्दल मात्र दोघा-तिघांनी विचारलं आणि एकानं बोट लावून ते पुसायचा प्रयत्नही केला. "हाथ मत लगाना," आई टेबलामागून मास्तरणीच्या आवाजात ओरडली.

दुपारी एक जोडपं आलं. तो हरयाणात मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, तिशीतला. ती त्याच्या मागे, कंटाळलेली, मोबाइल बघत. तो रुळांची रचना न्याहाळत होता. इंजिन येऊन प्लॅटफॉर्मला लागलं. तिनं सहज मान वर केली, पुन्हा मोबाइलकडे बघितलं, आणि पुन्हा झटकन वर बघितलं. टेबलावर ओणवी झाली.

"अहो," तिनं नवऱ्याची बाही ओढली, "अहो, बघा ना. भंडारा लागलाय त्याला!"

"कशाला?"

"इंजिनाला! दाराशी बघा. आपल्याकडं सोमवतीला लागतो तसा. हात लावून चढलेत लोक." आणि तिनं, मोबाइल काखेत धरून, भर हॉलमध्ये त्या वीतभर इंजिनाला हात जोडले. "येळकोट येळकोट जय मल्हार."

 ती नीरा गावची निघाली. लग्न होऊन हरयाणात आल्यापासून तिला जेजुरीला जायला मिळालं नव्हतं. "हे कुणी केलं? मराठी आहे का कुणी?" ती इकडेतिकडे बघत विचारायला लागली.

आई खुर्चीतून उठली. "माझ्या मुलीनं केलं," ती म्हणाली. "आणि तो एक मोठा ठसा दिसतोय ना, तो माझा."

दोघी मग टेबलामागे बसून किती वेळ बोलत होत्या. डॉक्टर माझ्याजवळ आले. मराठी त्यांना कळत नाही, पण जोडलेले हात त्यांनी बघितले होते. "क्या बोली वो?" मी सांगितलं.  नंतर दिवसभर, कुणीही विचारलं की मी तोंड उघडायच्या आत तेच सांगायचे, "यह हल्दी है जी. महाराष्ट्र में एक मंदिर है, वहाँ की गाड़ी है यह. मैडम के फ़ादर चलाते थे." दर वेळी गोष्ट थोडी वाढत होती. संध्याकाळपर्यंत बाबा त्या लाइनीवरचे सगळ्यात नामी ड्रायव्हर झाले होते. मी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. डॉक्टर स्वतः गाडी चालवत लक्ष्मीबाई नगरला आले होते, हातात एक खोका. आईनं त्यांना पोहे दिले. खाऊन झाल्यावर त्यांनी खोका उघडला. आत मऊ कागदात गुंडाळलेलं एक डिझेल इंजिन होतं, बोटाचा ठसासुद्धा नसलेलं. त्यांचं पहिलं मॉडेल. ते कधी तळघरातल्या रुळांवरसुद्धा उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"इसको भी मैला कर दीजिए," ते म्हणाले.

"पक्का?"

"बिल्कुल."

मी इंजिन हातात घेतलं आणि त्यांना विचारलं, की हे कुठल्या लाइनीवर धावत असेल. त्यांना विचार करावा लागला नाही. पानिपत. त्यांचं लहानपण तिथे गेलं होतं. वडिलांचा हातमागाचा कारखाना रुळांच्या जवळ होता आणि गाड्या जाताना बघत ते अभ्यास करायचे.

आईनं खुर्ची पुढे ओढली. "वहाँ का धूल कैसा होता था?" तिनं तिच्या हिंदीत विचारलं.

"माताजी, धूल तो धूल ही होती है," डॉक्टर म्हणाले. मग थांबले. "नहीं. ऊन उड़ती थी. कंबलों के रोएँ, रेशे. हवा में हर वक़्त. कपड़ों पर, पेड़ों पर, तारों पर. इंजन पर जहाँ तेल गीला होता था, वहाँ चिपक जाती होगी. सफ़ेद-सी, मैली-सी." बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला होता आणि हात हवेत ते तंतू धरून दाखवत होता.

आईनं माझ्याकडे बघितलं. तेलावर चिकटलेले लोकरीचे तंतू, या मापात, हे मी कधी केलेलं नव्हतं. कसं करायचं तेही माहीत नव्हतं. तिनं डॉक्टरांची रिकामी बशी उचलली.

"तो थोड़ा ला के दो," ती त्यांना म्हणाली. "असली. देखे बिना कैसे करेंगे?"

डॉक्टरांनी लगेच फोन काढला आणि पानिपतला कुणा चुलतभावाला लावला. मी इंजिन उलटं करून चाकांचे स्क्रू सोडवायला घेतले.